साताऱ्यात थंडीत बॉल पायथनच्या टँकची ह्युमिडिटी ४० च्या खाली जाते, हीट मॅट वाढवली तर चालेल का?

मॅट अजिबात वाढवू नका. तुम्ही मॅटचे वॅट लिहिलेत, टँकची साईज लिहिलीत, काचेवर चिकटवलेला तापमानाचा काट्याचा मीटर २९ डिग्री दाखवतोय हेही लिहिलंत, पण थर्मोस्टॅटचं, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचं, कुठं नावच नाही. तेवढ्यासाठी लिहायला बसलो, कारण माझ्या मीटरवर पण २९ च होतं.

मी सांगलीचा, आजोळ बत्तीस शिराळा. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, आणला तेव्हा सगळं शिकवायला मामाचा मुलगा, आमचा दादा. त्याचं एकच, "शिराळ्याच्या माणसाला साप शिकवतोस व्हय? थर्मोस्टॅट म्हणजे नुसते पैसे काढायचे धंदे." नागपंचमीला गाडग्यात ठेवलेले नाग त्यानं लहानपणी बघितलेत, मीही बघितलेत, कोर्टानं ते बंद करायच्या आधी. मोठा भाऊ सांगतोय म्हटल्यावर मी ऐकलं. जानेवारीचा गारठा, मॅट चोवीस तास चालू, वर कागद अंथरलेला. आठवड्याभरात साप पाण्याच्या भांड्यातच जाऊन बसायला लागला. मला वाटलं कात टाकायला आलाय. दादाला विचारलं तर तोही तेच म्हणाला. मग साफसफाईला उचलला तर पोटाचे चार-पाच खवले तपकिरी पडलेले, कडा फुगलेल्या, आणि बोट लागलं की सगळं अंग आखडून घेत होता. वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरचा प्रोब त्याच जागी कागदाखाली सरकवला, आकडा चढत चढत ४६ वर थांबला. काचेवर तेव्हाही २९ च.

पोटाखाली भाजत असलं तरी साप बऱ्याचदा उठून जात नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, खाली पांढरा टिश्यू पेपर, रोज बदलायचा. दोन काती गेल्या तेव्हा डाग फिके झाले. दादा आजही म्हणतो, "घासलं असंल कुठंतरी."

आता तुमची ह्युमिडिटी. हवा गरम केली की तेवढ्याच वाफेत टक्का खाली येतो. १५ डिग्रीची ७० टक्क्यांची हवा ३० डिग्रीला नेलीत तर टक्का तिशीच्या आसपास येतो, पाणी कुठंही गेलेलं नसतं. म्हणून मॅट जितकी वाढवाल तितकं कोरडं होणार. ओल खालून द्या. नर्सरीत कोकोपीटची वीट मिळते, ती भिजवून, पिळून चांगला तीन-चार इंच थर घाला आणि पाणी कोपऱ्यातून ओता, म्हणजे तळाला ओल राहते आणि वरचा थर कोरडा. मात्र थर जाड असला की खालच्या मॅटची ऊब वर येत नाही आणि काच तापत बसते, त्यामुळं मॅट बाजूच्या काचेला बाहेरून लावा. वरची जाळी दोन भाग झाका, एक भाग उघडा ठेवा. दिवसातून चार वेळा फवारा मारायचं मला पटत नाही, अर्ध्या तासात आकडा परत तिथंच येतो आणि साप उगाच भिजतो. कात टाकायच्या वेळी झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस ठेवा, तो आपला आपण जाऊन बसतो. गरम बाजू ३१-३२, गार बाजू २५-२६, रात्री २४ च्या खाली नको. ह्युमिडिटी ५५ ते ६५, कातीच्या वेळी ७०.

आणि हे सगळं थर्मोस्टॅट लावल्यानंतर. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅट आणि काचेच्या मध्ये टेपनं पक्का चिकटवा, सुटला की मॅट तापतच राहते. पैसे कमी असतील तर साप नंतर घ्या, थर्मोस्टॅट आधी.

राहिला दादाचा शिराळा. नाग इथलाच, शिवाय पंचमी झाली की त्याला सोडून द्यायचे, थंडीभर काचेत कोंडायचे नाहीत. बॉल पायथन घाना, टोगो, बेनिनकडचा, उंदराच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दबून बसणारा, बाहेर रखरखीत असलं तरी आत दमट. गाडग्यातल्या नागावरून त्याचा हिशोब कसा काय लावायचा?

एक राहिलं, हे थंडीचं झालं. साताऱ्याच्या पावसाळ्यात उलट, तेव्हा जाळी उघडी ठेवा आणि कोपऱ्यातून पाणी ओतणं बंद करा, गार आणि ओलं एकत्र आलं की छाती भरते. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर घरी काही करू नका, डॉक्टर गाठा. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टँकमध्ये एका बाजूला ठेवा. आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर करून घ्या, बॉल पायथनला ती लागते. आपल्याकडचा कुठलाही साप मात्र पाळायचा नाही, तो गुन्हाच आहे.

दादा, तू इथं वाचतोस मला माहितीय. तुझ्या टँकमध्ये अजून विनाथर्मोस्टॅट मॅट आहे. आज रात्री प्रोब कागदाखाली ठेव आणि आकडा मला पाठव.