बोलपट आल्यामुळे मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याचं करिअर संपलं का?

नाही हो, हे सगळेच सांगतात पण अर्धवट आहे. त्याचे सुरुवातीचे बोलपट कमाई चांगली करत होते, खरी वाट लागली ती १९२८ मध्ये स्वतःचं युनिट सोडून एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओशी करार केला तिथे. आधी कसं, कथा अर्धवट असली तरी शूटिंग सुरू, सेटवर सुचेल तो गॅग (म्हणजे विनोदी करामत) करून बघायचा, स्टंट पण स्वतःच. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये घराची अख्खी पुढची भिंत अंगावर पडते आणि हा नेमका खिडकीच्या जागेत उभा म्हणून वाचतो, ती भिंत खरी जड होती बरं का! 'शेरलॉक ज्युनिअर'च्या वेळी तर मानेचं हाड मोडलेलं, ते कळलं कित्येक वर्षांनी एक्सरे काढल्यावर.

असल्या माणसाला स्टुडिओने पक्की स्क्रिप्ट हातात दिली, वर बडबडे विनोद. त्यात दारू, १९३२ ला घटस्फोट, १९३३ ला स्टुडिओनेही काढलं.

पण तिथेच संपला नाही, नंतर दुसऱ्यांसाठी गॅग लिहिले, टीव्ही केला, १९६० मध्ये मानद ऑस्करही मिळालं. १९६६ ला गेला, शेवटपर्यंत काम करत होता.