आजोबांची रॅले किती जुनी?

प्रश्न: महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात आजोबांची काळी रॅले सायकल पडून आहे, रॉड ब्रेकवाली. हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आहे अन् नॉटिंगहॅम इंग्लंड लिहिलंय. कंपनी १८८८ची आहे म्हणतात, मग सायकल पण तेव्हाचीच समजायची का? घरचे भंगारात द्या म्हणतात.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: भंगारात अजिबात देऊ नका, पहिले तर हे.

१८८८ हे कंपनीचं साल, सायकलचं नाही. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर वुडहेड, आंग्वा अन् एलिस या तिघांचं छोटं वर्कशॉप होतं, अर्धा डझन माणसं अन् आठवड्याला तीन सायकली, बस एवढंच. फ्रँक बोडेन नावाचा माणूस हाँगकाँगमध्ये पैसा कमावून आला पण तब्येत पार बिघडलेली, डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितलं, त्यानं यांच्याकडचीच घेतली, बरा झाला अन् सरळ वर्कशॉपच विकत घेतलं. त्या डिसेंबरात रॅले सायकल कंपनी उभी राहिली, नाव त्या रस्त्याचंच. १८९६पर्यंत हेच लोक वर्षाला ३०,००० सायकली काढायला लागले, तीनवरून एवढ्या, आठच वर्षांत! मला तर हे वाचताना दरवेळी भारी वाटतं.

आता तुमच्या सायकलचं. फ्रेमवरच्या नंबरवरून साल काढायच्या फंदात पडू नका, त्यात फार गोंधळ आहे. मागच्या चाकाच्या हबमधून (चाकाच्या मधला जाड भाग), ॲक्सलच्या टोकातून, बारीक साखळी बाहेर येते का ते बघा. येत असेल तर तो स्टर्मी-आर्चर कंपनीचा गिअर हब, त्यावर तो बनल्याचं साल अन् महिना असतो. मी बर्डीच्या एका दुकानात असाच हब रॉकेलच्या फडक्यानं पुसला होता, काळं ग्रीस निघालं अन् खालून ए डब्ल्यू (हे हबचं मॉडेल) अन् शेजारी ५१ ८ असे आकडे दिसले, म्हणजे १९५१चा ऑगस्ट. तुमच्या हबवर पण असेल, फक्त चाक मधे कधी बदललं नाही ना ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या.

साखळी नसेल तर बाकीच्या पार्टवर मेड इन इंग्लंड आहे का शोधा, कारण १९५०च्या दशकात आसनसोलला सेन-रॅलेचा, म्हणजे रॅलेच्या भारतातल्या भागीदार कंपनीचा, कारखाना सुरू झाला अन् नंतरच्या पुष्कळ सायकली तिथल्याच.

अन् बिल्ल्यावर नवीन पेंट मारू नका, पुसला तरी पुरे.