सहलीच्या बसमधली शेजारची जागा

दिवाळीची सुट्टी संपून शाळांच्या सहलींची पत्रके घरोघरी पोहोचू लागली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "मॅडम, एरवी सगळं छान आहे, पण सहलीचं नाव काढलं की हिच्या पोटात दुखतं. पाठवू की नको?"

ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्यांतील एक अनुभव सांगते. मुलगी सातवीत होती आणि शाळेची सहल कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर जाणार होती. तेथील सिद्धगिरी संग्रहालयात जुन्या स्वयंपूर्ण खेड्याचे जीवन माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे, हे अनेकांनी पाहिले असेल. आईने आपल्यापुरता तोडगा काढला होता : "आम्हीच तिला एखाद्या रविवारी गाडीने दाखवून आणतो." पालकांच्या या तोडग्याची मला नेहमी काळजी वाटते, कारण भीती वाटणारी गोष्ट टाळली की त्या क्षणी सुटका होते आणि पुढच्या वर्षी तीच भीती अधिक मोठी होऊन येते.

मी मुलीला विचारले, "कणेरीला कशाची भीती वाटते?"

"कणेरीची नाही वाटत. बसची वाटते."

"हिला गाडी लागते ना," आई लगेच म्हणाली. मुलगी गप्प झाली. मी आईला थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केली.

खरे कारण बाहेर यायला आणखी दोन भेटी लागल्या. बसमधल्या जोड्या वर्गात आठवडाभर आधीच ठरत असत आणि मागच्या वर्षी तिला जोडी न मिळाल्यामुळे ती बाईंच्या शेजारी बसली होती. "म्हणजे मी कुणालाच नको आहे," ती म्हणाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती हा माझ्या कामाचा पाया आहे. घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ आपल्याला अधिक दुखावतो, हे त्यातले सूत्र मला अशा वेळी फार उपयोगी पडते. मात्र "तसं काही नसतं गं" असे म्हणून तो अर्थ पुसता येत नाही. तो मुलाने स्वतःच तपासावा लागतो.

मी कागदावर बसच्या जागांचे चौकोन आखले आणि मागच्या वर्षी कोण कुठे बसले होते ते भरायला सांगितले. ती भराभर नावे लिहीत गेली. पुढच्या खिडकीपाशी पेन्सिल थांबली.

"इथे एक मुलगी एकटीच होती. तिला उलटी झाली होती."

"मग तीही कुणालाच नको होती का?"

"नाही! सगळे आपापल्या गडबडीत होते." ती बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "तिला कुणी विचारलंच नाही. मीपण नाही विचारलं."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मला फार थोडे मिळाले आहेत आणि तो मी मनाशी जपून ठेवला आहे. दुसरीला लावलेला सौम्य अर्थ आपण स्वतःला का लावत नाही, हे मी तिला समजावून सांगायची गरजच उरली नाही.

पालकांना मी एवढेच सांगेन की "भीती वाटते का?" असे विचारण्याऐवजी सकाळी बसचे दार उघडते तिथपासून पुढचे सगळे मुलाकडून सांगून घ्यावे, ते अडखळेल तिथे खरे कारण असते. गाडी लागत असेल तर हलके खाणे, पुढची जागा आणि डॉक्टरांना विचारून गोळी, एवढे पुरते. शिक्षकांशी जरूर बोलावे, पण मुलासाठी जोडी ठरवून देऊ नये, कारण विचारण्याचे धाडस हीच त्याची कमाई असते.

तिने त्या मुलीला स्वतः विचारले. दोघींना मी एक कामही दिले होते : संग्रहालयातल्या त्या खेड्यात कुणाचे काम कुणावाचून अडते ते शोधायचे. सुतार नांगर करतो, लोहार फाळ, कुंभार मडकी, आणि सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते मिळते. (या व्यवस्थेत जन्माने लादलेली उच्चनीचता होती, हेही मी तिला सांगितले, मुलांपासून ते लपवू नये.)

सहलीनंतर ती आली तेव्हा न्हाव्यासमोर बसलेल्या माणसाविषयीच बोलत होती. तो डोळे मिटतो का ते पाहत दोघी इतका वेळ उभ्या राहिल्या की बाईंना हाका माराव्या लागल्या.

"आणि गाडी लागली का?" आईने विचारले.

"लागली ना, येताना. तिनेच पिशवी धरली होती."