एक शहर, दोन क्लब

प्रश्न : मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी या दोन्ही फुटबॉल क्लबांच्या नावात एकच शहर आहे, मग त्या नावावर आधीचा हक्क कोणाचा?

उत्तर : काळाचा क्रम पाहिला तर सिटीचा. रेल्वे कामगारांनी १८७८ मध्ये स्थापन केलेला ‘न्यूटन हीथ’ हा क्लब आर्थिक डबघाईतून सावरताना, १९०२ मध्ये, ‘मँचेस्टर युनायटेड’ झाला. आर्डविक क्लबने मात्र ‘मँचेस्टर सिटी’ हे नाव १८९४ मध्येच घेतले होते. सिटीचे समर्थक आणखी एक मुद्दा हटकून काढतात, तो असा की युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान प्रशासकीयदृष्ट्या मँचेस्टर शहराच्या हद्दीबाहेर, शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये येते. मुद्दा खरा आहे, पण आमच्या मते तो चिडवण्यापुरताच उपयोगाचा आहे, कारण दोन्ही क्लबांचे चाहते शहरात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारीच राहत आले आहेत.