सीटीचा रिपोर्ट हातात आला की आधी हे बघा

ताई, ‘फुप्फुसाला सूज’ एवढंच वाचून घाबरू नका. एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारकाईने काढलेल्या सीटीत) ‘ग्राउंड ग्लास’, म्हणजे धुरकट पांढुरका भाग, जास्त असेल तर दाह अजून चालू असण्याची शक्यता असते आणि स्टिरॉइडने तो बराच निवळू शकतो. ‘हनीकोंबिंग’ (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) किंवा ‘ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस’ (ओढून ताणलेल्या, रुंदावलेल्या श्वासनळ्या) लिहिलं असेल तर तिथे व्रण, म्हणजे जखमेच्या खुणेसारखे कडक भाग, पक्के झालेत. ते औषधाने पुसले जात नाहीत. तिथे पिरफेनिडोन, निन्टेडॅनिबसारखी औषधं आजाराचा वेग कमी करायला देतात. मात्र धुरकट भागातच ताणलेल्या श्वासनळ्या दिसल्या तर तोही बारीक व्रण असू शकतो, म्हणून एका शब्दावरून निष्कर्ष नको. आयपीएफमध्ये (कारण न सापडणाऱ्या, फुप्फुसात व्रण वाढत जाणाऱ्या आजारात) तर प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) एकत्र दिल्याने नुकसान होतं, हे 2012 मध्ये सिद्ध झालंय. कुणाचं ऐकून स्वतः गोळ्या सुरू करू नका, चालू असलेल्या एकदम बंदही करू नका.

नाशिकला सीटी काढाल तिथून फिल्मबरोबर सीडी नक्की मागून घ्या. सहा महिन्यांनी तुलना करताना डॉक्टरांना तीच लागते, सोबत श्वासाच्या तपासणीतले एफव्हीसी (जोरात सोडलेली एकूण हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो) हे आकडेही. आणि गॅलरीत कबुतरं येत असतील तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्यांच्या पिसा-विष्ठेनेही फुप्फुसाला अशी सूज येऊ शकते.