ट्रेनिंग देऊनही सीएनसी टर्निंगचं रिजेक्शन ४ टक्क्यांवरच का अडकतं?

तुम्ही विचारलंय की सीएनसी टर्निंगच्या (संगणकाने चालणाऱ्या लेथवर गोल भाग कापण्याच्या) ऑपरेटरांना ट्रेनिंग दिलं तरी रिजेक्शन ४ टक्क्यांखाली येत नाही. कोचिंगआधी गेज, म्हणजे मापाचं साधन, तपासा. तेच १० जॉब (मशीनवर बनलेले भाग) ३ ऑपरेटरांना, आधीचं रीडिंग न दाखवता, प्रत्येकी ३ वेळा मोजायला द्या. गेज आर अँड आर (मोजमापातल्या फरकात साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे येणारा वाटा) ३० टक्क्यांवर गेला तर तुमचे आकडेच भरवशाचे नाहीत. मायक्रोमीटर वापरताना ठरावीक दाब देणारा रॅचेट सोडून थिंबल (फिरवायची नळी) पिळणारे बरेच भेटतात.

मग दोन आठवड्यांचे रिजेक्ट मशीन, शिफ्ट आणि दोषाप्रमाणे लावा. एका मशीनवर तिन्ही शिफ्टला तोच दोष निघाला तर ऑपरेटरला शिकवून काही होणार नाही, मेंटेनन्सला बोलवा. माणूस मशीन बदलेल तिथे तोच दोष त्याच्यामागे जात असेल, तरच कोचिंग.

समजा व्यास मापाबाहेर जातोय. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर वेअर ऑफसेट (टूल झिजल्यावर मापात करायची दुरुस्ती) −०.०५ मिमी आहे, २५.०० ऐवजी २५.०२ आलं. ऑपरेटरने −०.०२ टाकून ‘प्लस इनपुट’ दाबलं तर ऑफसेट −०.०७ होतो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुनी किंमत पुसून −०.०२ उरते आणि पुढचा जॉब २५.०५ निघतो. शिकवायचं ते इतकं बारीक हवं. ‘लक्ष देऊन काम करा’ हे कोचिंग नव्हे.

शिकवताना दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेतली टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) ही कामगारांना शिकवायची पद्धत आजही चालते. मशीनपाशीच, एका वेळी एकालाच, १५ मिनिटं. आधी करून दाखवा, दुसऱ्यांदा कुठे चुकतं ते सांगत, तिसऱ्यांदा का ते सांगत. मग त्याला करू द्या, आणि ‘का’ हे त्याच्याच तोंडून येईपर्यंत पुन्हा करून घ्या. इथेच बहुतेक सुपरवायझर घाई करतात: ‘समजलं ना?’ म्हटलं की मान हलते. पहिल्या आठवड्यात रोज बघा, नंतर अंतर वाढवा.

आठवड्याला ५०० जॉब असतील तर २० रिजेक्टचे १६ झाले म्हणून पेढे वाटू नका, एवढा चढउतार आपोआपही होतो. किमान चार आठवडे एकत्र बघा. आणि रिजेक्शनवर लगेच इन्सेंटिव्ह लावू नका, खराब जॉब गुपचूप स्क्रॅपच्या पेटीत जातात. दिलेला कच्चा माल = चांगले + रीवर्क + रिजेक्ट + मशीनवर शिल्लक, हा हिशोब प्रत्येक शिफ्टला जुळवा.