ठाण्यात एकाच दिवशी सिरॅमिक कॅप बसवून मिळते म्हणतात, ती टिकते का?

टिकते, पण कॅपसाठी दात नीट घासून लहान केला गेला आणि चिकटवताना कोरडा राहिला तरच. क्लिनिक नौपाड्यातलं असो की वाशीतलं, पद्धत तीच.

दात घासून चावण्याच्या बाजूला साधारण दीड मिलिमीटर जागा करतात. मग तोंडातल्या कॅमेऱ्याने स्कॅन, स्क्रीनवर डिझाइन आणि सिरॅमिकच्या ठोकळ्यातून मिलिंग, म्हणजे मशीनने कॅप कोरून काढणं, ज्याला १०-१५ मिनिटं लागतात. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचा ठोकळा आधी जांभळट असतो. भट्टीत सुमारे ८४० अंश सेल्सिअसला भाजल्यावरच त्याला दाताचा रंग आणि पूर्ण ताकद येते. एकूण दोन-तीन तास धरा.

बिघडतं ते बहुधा स्कॅनमध्ये. हिरडीतून रक्त येत असेल तर दाताची कड कॅमेऱ्याला दिसत नाही, कॅपखाली फट राहते आणि आत कीड लागते. अशा वेळी तात्पुरती कॅप घालून हिरडी बरी होऊ द्यावी. एका दिवसाचा हट्ट धरूच नये. दुसरी नाजूक पायरी चिकटवण्याची: कॅपच्या आतून हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, धुऊन सिलेन (पकड वाढवणारा द्रव), मग रेझिन सिमेंट (कॅप चिकटवणारं सिमेंट). मधे लाळ लागली की पकड गेली. म्हणून 'रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावता का?' हे डॉक्टरांना आधीच विचारा.

झिरकोनिया या दुसऱ्या प्रकारच्या सिरॅमिकच्या कॅपला साध्या भट्टीत कित्येक तास लागतात, त्यामुळे ती त्याच दिवशी मिळेलच असं नाही. रात्री झोपेत दात खात असाल तर तेही आधी सांगा. आणि चावताना कॅप उंच लागली तर सवय होईल म्हणून थांबू नका, लगेच जाऊन घासून घ्या.